तीन मुठींचा डबा

आमचे साडभाऊ नसते, तर घाटंजी रस्त्यावरची निम्मी वाहनं आजही कडेला उभी असती आणि त्यांच्यावर एव्हाना वेली चढल्या असत्या, असं माझं प्रामाणिक मत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्यानं मीही त्यांचा साडभाऊच, त्यामुळे गेली कित्येक वर्षं आम्ही एकमेकांना त्याच एका नावानं हाक मारत आलो आहोत, आणि भर लग्नात कुणी 'साडभाऊ' म्हटलं की दोघेही एकदम वळून पाहतो. यवतमाळहून घाटंजीकडे जाताना रस्ता जिथे चढाला लागतो, तिथेच त्यांचं गाव आहे. यवतमाळात आम्ही नोकरदार माणसं निघताना काट्याकडे पाहतो, 'पुढे भरू' म्हणतो आणि निघतो. तो 'पुढे' नेमका त्या चढावर येतो. गाडी आचके देते, मागचा पंप मागे राहिलेला असतो, पुढचा लांब असतो, आणि घाम पुसत गाडी ढकलणाऱ्याला कुणीतरी बकऱ्या चारणारा सांगतो, "त्या डब्यावाल्या भाऊच्या घरी जा." पाच मिनिटांत साडभाऊ हातात डबा, काखेत नरसाळं आणि चेहऱ्यावर डॉक्टरचे भाव घेऊन हजर. आधी गाडीच्या टाकीचं झाकण उघडून आत कान लावतात. पेट्रोल संपल्याचं कानानं कसं कळतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि तेवढा वेळ माझ्याकडे कधीच नव्हता.

त्यांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, इथे कारखाना आहे. ओसरीवर डबे, न्हाणीमागे डबे, गोठ्याच्या आढ्याला टांगलेले डबे. पत्र्याचे पिपे, पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅना, निळ्या कॅना, मूठ तुटून तिथे सुतळी बांधलेल्या कॅना. आणि एकही टाकाऊ नाही. साडभाऊंच्या मते डब्याला म्हातारपण नसतं, नुसती बदली होते. कॅन पाझरायला लागली की ती इंधनातून निवृत्त होऊन पाण्यावर जाते. ओलं पोतं गुंडाळून शेतात बाभळीखाली बसते आणि दुपारभर गार पाणी देते. तिथूनही पाझरली की आडवी कापून अर्ध्या भागात तुळस आणि अर्ध्याचं धान्य भरायचं माप. गावातली सगळी पोरं पोहायला शिकली ती साडभाऊंच्या रिकाम्या कॅना पाठीला बांधून. त्यातलं एक पोरगं आता पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे आणि त्याच्याबद्दल बोलताना साडभाऊ त्याच्या शिक्षणाचा उल्लेख न करता म्हणतात, "माह्या पाच लिटरवर तरला तो." लग्नात लोक ताट-वाट्या देतात, हे हळदकुंकू लावलेली कोरी कॅन देतात. नवरी मुलगी रुसते, सासू नाक मुरडते, पण वर्षभरानं त्या घरात गेलं तर बाकीचा आहेर माळ्यावर असतो आणि कॅन मोरीत हाताशी असते.

या वेडाचं मूळ रॉकेलात आहे. साडभाऊंचं गावात रास्त भावाचं दुकान होतं. रॉकेल यायचं त्या दिवशी दुकानापुढे माणसांऐवजी डबेच रांगेत बसलेले असत. माणसं निंबाखाली गप्पा मारत, डबे आपापली जागा धरून. साडभाऊ माणसांची नावं विसरत, डब्यांची कधी विसरले नाहीत. शिवाय डब्याच्या तोंडाकडे पाहून घराची पारख करण्याची विद्या त्यांनी तिथेच मिळवली. "ज्या घरच्या डब्याले बुचाच्या जागी चिंधी कोंबली हाये, तिथं पोरगी द्या. गरीब हाये, पण काळजी हाये. जिथं आलू खुपसलं हाये, तिथं देऊ नका. आज आलू खुपसते, उद्या संसारात काय खुपसन!" ही थट्टा वाटेल, पण माझं लग्न या विद्येवरच ठरलं. मुलगा बघायला म्हणून मंडळी यवतमाळला आमच्या घरी आली, तेव्हा सगळे बैठकीत पोहे खात होते आणि थोरले जावई म्हणून आलेले साडभाऊ हात धुवायच्या निमित्तानं थेट आमच्या मागच्या पडवीत गेले. परत आले ते प्रसन्न चेहऱ्यानं. सासऱ्यांच्या कानाशी लागून त्यांनी जे सांगितलं ते अख्ख्या बैठकीला ऐकू गेलं, "द्या बिनधास्त. बूच साखळीनं बांधलं हाये." माझी पदवी, माझी नोकरी, माझं वळण, कशाचाही उल्लेख झाला नाही. आजही बायको माझ्यावर चिडली की म्हणते, मी या घरात एका बुचामुळे आले.

गावोगाव गॅस आला, रॉकेल गेलं, दुकानातलं पिंप रिकामं झालं. दुसरा एखादा माणूस मोडून पडला असता. साडभाऊंनी डबे धुतले, उन्हात वाळवले आणि रस्त्यावर अडलेल्या गाड्यांकडे लक्ष वळवलं.

सगळ्या डब्यांचा राजा म्हणजे त्यांचा लोखंडी मेंदी रंगाचा डबा. लग्नानंतर ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, घेऊन ते रामटेकला देवदर्शनाला गेले होते. परतताना मिलिटरीच्या जुन्या सामानाचा बाजार भरलेला दिसला. नव्या नवरीला पातळ घ्यायचं म्हणून खिशात ठेवलेलं सगळं त्या डब्यात गेलं. एसटीत जागा नव्हती, म्हणून येताना तो डबा ताईंच्या मांडीवर होता. ताई सांगतात, "बाया मले ईचारे, पोरगं हाये का पोरगी? मी पदर सारून दाखवो, डबा हाये बाई."

या डब्याचा इतिहास साडभाऊ ज्याला त्याला ऐकवतात. त्यांच्याकडून उसनं पेट्रोल घ्यायचं तर तो ऐकावाच लागतो. तेवढीच त्यांची फी. "साडभाऊ, हा डबा जर्मन लोकाईनं काढला. लढाईच्या आधी, गुपचूप. इंग्रजाचे डबे पत्र्याचे, पातळ. नेता नेताच अर्धं तेल रेतीत. मंग इंग्रजानं याइचे डबे धरले, पाहून राह्यला तं थक्क! बाजूले हे खोलगट घडी काहून? तं उन्हानं तेल फुगलं का डबा फुटू नये. वर हा कुबड काहून? तं आत हवा राहावं, पाण्यात पडला तं तरावा. झाकण पाहा, पाना लागत नाही, पेचकस लागत नाही, अंगठ्यानं खट्. जर्मन माणसाले ते लोक जेरी म्हणे, म्हणून हा जेरीकॅन." मग आवाज खाली आणून, देवळातला गाभारा दाखवावा तसे ते वरच्या मुठी दाखवत. एका मुठीच्या जागी तीन. "मधली मूठ एकट्या माणसाची. रिकामे असले तं बाजूच्या मुठीईनं एका हातात दोन डबे. अन् भरलेला जड झाला, तं या दोन बाजूच्या मुठी दोन माणसाईसाठी. एक इकडून, एक तिकडून. लढाईत माणूस एकटा पडू नये, एवढा ईचार केलता त्यानं." मात्र स्वतः साडभाऊंनी त्या बाजूच्या मुठीला कधी कुणाला हात लावू दिला नाही. डबा कितीही भरलेला असो, मधली मूठ धरून, एका अंगाला कलून, ते एकटेच नेत.

या इतिहासाला गावात एकच विरोधक होता. ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा रामधन. साडभाऊंच्याच वयाचा, त्यांचा जुना दोस्त, आणि वाद घालण्यात तसाच चिवट. तो म्हणे, "भाऊ, जर्मन काय सांगता? आमचे आजे-पणजे मालाची लदेणी घेऊन बैलाईच्या पाठीवर अख्खा मुलूख फिरले. तेलातुपाचे चामड्याचे बुधले होते. एका बाजूले जेवढा भार, दुसऱ्या बाजूले तेवढाच. तुमच्या जर्मनाले आमच्याच कोणी बैलवाल्यानं शिकवलं असन." साडभाऊ म्हणत, "जर्मनीत बैल कायले गेलता तुमचा?" रामधन म्हणे, "बैलाले कोण अडवते?" या मुद्द्यावर वाद कायम थांबत असे आणि चहा येत असे.

उसन्या डब्यांचा साडभाऊंचा एक नियम होता, आणि तो त्यांनी नव्हे, आपल्या सगळ्यांच्याच आयांनी केलेला आहे: दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. शेजारणीची वाटी परत करताना आपण त्यात चिमूटभर साखर तरी घालतोच. गावानं तो नियम कॅनांनाही लावला. इंजिनासाठी डिझेल नेलेली कॅन सोडा घालून लख्ख धुऊन परत येई आणि तिच्यात गाडीच्या आखाला लावायचं वंगण असे, नाहीतर गुरांसाठी काहीतरी, नाहीतर नुसत्या तुरी. अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये तुरी भरणाऱ्याची चिकाटी आणि त्या बाहेर काढणाऱ्या ताईंची चिकाटी, यातली थोर कोणती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा वणीच्या एका ट्रकवाल्यानं परतीच्या वाटेवर कॅनभर कोळशाची खडी आणून दिली. साडभाऊंना गहिवरून आलं. "जळाऊ वस्तूच्या डब्यात जळाऊ वस्तूच आणली त्यानं. संस्कार हाये."

आता डब्यात काय परत येईल याचा नेम नसला, की लागतं नाक. आणि साडभाऊंचं नाक हीच त्यांची खरी इस्टेट होती. कॅनचं बूच काढायचं, डावा डोळा मिटायचा, मान वाऱ्याच्या दिशेला वळवायची आणि हलकेच एक श्वास. बस. पेट्रोल, डिझेल, रॉकेल तर कुणीही सांगेल, साडभाऊ सांगत, "डिझेल हाये, पण यात रॉकेल पाजलं हाये," नाहीतर "हे उघडं राह्यलं, याचा जीव उडून गेला." आसपासच्या गावांतून लोक कॅना घेऊन त्यांच्याकडे येत. ट्रॅक्टर नीट चालेना की आधी साडभाऊंचं नाक, मग मिस्त्री. एकदा मी ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे गेलो तर दारातच म्हणाले, "साडभाऊ, आज चहा रॉकेलच्या स्टोव्हवरचा पेले तुम्ही." मी खरंच पिऊन आलो होतो. त्या नाकासाठी गावात त्यांना मान होता. दुकान गेल्यावर, पोरं आपापल्या गावी गेल्यावर, सकाळी उठून घराबाहेर यायला त्यांच्याकडे जे कारण उरलं होतं ते हेच होतं.

आणि कोरोनात ते नाक गेलं.

ताप साधाच आला होता. चार दिवस अंग मोडलं, काढे झाले, बरे झाले. वास बऱ्याच जणांचा गेला होता आणि बऱ्याच जणांचा परत आला. साडभाऊंचा आला नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ताईंना कळलं ते वेगळ्याच प्रकारानं. पुढे बऱ्याच दिवसांनी, आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो असताना, साडभाऊ रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू करून द्यायला गेले होते, तेव्हा ताईंनी आम्हाला चुलीपाशी बसवून सांगितलं. "वरण चुलीवर ठेवून मी वावरात गेलती. आली तं वरणाचा कोळसा, घरभर धूर, अन् हे बाजूलेच बसून पेपर वाचून राह्यलते. धूर डोळ्याले झोंबला तेव्हा उठले. तेव्हा कळलं मले."

"मग डॉक्टरला दाखवलंत का?" मी विचारलं.

"दाखवलं ना यवतमाळले. येईन म्हणे हळूहळू. आता काय येते! मले भेव कायचं वाटते माहीत हाये का? घरात एवढे डबे. मी घरी नसली अन् एखादी कॅन पाझरली, तं यायले कळन? सांजच्याले देवापुढं दिवा लावतीन अन्..." त्या पदरानं हात पुसत बसल्या.

माझी बायको म्हणाली, "अवं ताई, मंग फेकून दे ना ते डबे सारे!"

"फेकू? मंग हे दिवसभर काय करतीन?" ताई म्हणाल्या.

तर ताईंनी आपला तोडगा काढला होता. पहाटे सडा घालायच्या आधी त्या आवारात फिरून एकेका डब्याचं बूच काढत, वास घेत आणि मुठीला दोरा बांधत. पेट्रोलला लाल, डिझेलला पिवळा, बाकी कशालाही काळा. साडभाऊ उठले की त्यांना ते दोरे दिसत. ते काही विचारत नसत, त्या काही सांगत नसत. लोक आले की साडभाऊ मुठीकडे ओझरतं पाहत, बूच काढत, डावा डोळा मिटत आणि निकाल देत. बाहेरच्या कॅना आल्या तर म्हणत, "ठेवून जा, सकाळी सांगतो, सकाळच्या हवेत वास साजरा कळते." लोकांना यातही थोरपण दिसलं. ते दोरे मी पूर्वी पाहिले होते आणि साडभाऊंना विचारलंही होतं, तर म्हणाले होते, "तुमच्या मेहुणीचं नवीन फॅड. घरचे डबे सजवून राह्यली बाप्पा." आता त्यामागचं कळल्यावर मला हसू येईना. ताईंनी आमच्याकडून शपथ घेतली, कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून.

गेल्या हिवाळ्यात गावात भागवत सप्ताह होता. काल्याच्या दिवशी आम्ही सहकुटुंब गेलो. भर दुपार, मांडव भरलेला, महाराज रंगात आलेले, ताई स्वयंपाकाच्या बाजूला बायांमध्ये पोळ्या लाटत होत्या. वीज सकाळीच गेली होती आणि लाउडस्पीकर जनरेटरवर चालला होता. जनरेटरचं तेलपाणी अर्थातच साडभाऊंकडे. मांडवाच्या कडेला, जनरेटरजवळ, ते खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्यामागे त्यांच्या कॅना. मी दुसऱ्या बाजूला गर्दीत मांडी घालून बसलेलो. एवढ्यात तांड्यावरून रामधन आला. उसनी नेलेली एक पांढरी कॅन त्यानं साडभाऊंच्या बाकीच्या कॅनांत गुपचूप ठेवली, कीर्तनात बोलायचं कसं म्हणून नुसते हात जोडले आणि पुढे जाऊन बसला.

थोड्या वेळानं जनरेटरवाल्यानं खूण केली की टाकीत तेल तळाला गेलं आहे. साडभाऊंनी हात मागे नेला, तो त्या पांढऱ्या कॅनवर पडला. आपली कॅन त्यांनी ओळखली. मुठीकडे पाहिलं. मूठ फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. दोरा नव्हता, आणि पिवळ्या दोऱ्याच्या कॅना सकाळपासून रिकाम्या झाल्या होत्या. मला हे लांबून दिसत होतं. साडभाऊंनी स्वयंपाकाच्या बाजूला एकदा नजर टाकली. ताई धुरात कुठे दिसेनात. जनरेटरवाला म्हणत असावा, लवकर करा. चार माणसं त्यांच्याकडे पाहत होती. साडभाऊंनी बूच काढलं, डावा डोळा मिटला, मान वळवली, श्वास घेतला.

"डिझेल हाये," ते म्हणाले, "अव्वल."

"जरा घट्टच उतरून राह्यलं भाऊ," ओतताना जनरेटरवाला म्हणाला.

"थंडीचं घट्टच असते."

काही वेळ काहीच झालं नाही. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्यांवर आले होते. पेंद्यानं आपली शिदोरी सोडली, वाकड्यानं आपली सोडली, आणि महाराज दोन्ही हात पसरून म्हणाले, "काय त्या शिदोऱ्यांचा घमघमाट!" आणि त्याच क्षणी मांडवात घमघमाट आला. खमंग, गरम, कढई तापल्याचा. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले. एका आजीचे डोळे भरून आले. महाराजांनीही एकदा हवेत नाक वर केलं आणि पुढचं वाक्य विसरले. मागची पुरुष मंडळी मात्र बसल्या बसल्या स्वयंपाकाच्या दिशेला सरकू लागली. तेवढ्यात बायांच्या बाजूनं एक ठसठशीत आवाज आला, "अवं, जवसाच्या तेलात भजे कोण काढून राह्यलं?" आचारी झारा घेऊन बाहेर आला आणि शपथेवर सांगू लागला की वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी अन् बुंदी, भज्यांचं नाव नाही.

सगळा मांडव नाकानं शोध घेत होता. एकटे साडभाऊ ताठ बसून जनरेटरकडे कौतुकानं पाहत होते.

"भाऊ, हा वास कायचा?" जनरेटरवाल्यानं विचारलं.

"डिझेलचा," साडभाऊ म्हणाले. "अव्वल माल जळला का असाच वास येते."

पुढच्या ओळीतून रामधन उठला. "भाऊ! त्या पांढऱ्या कॅनीतलं टाकलं का तुम्ही? बाप्पा, ते तं जवसाचं तेल होतं! नव्या दरवाज्याले लावाले पाहिजे म्हणत होते ना, म्हणून तेलघाणीवरून आणलतं!"

मांडव असा हसला की टाळकरी टाळ ठेवून हसले, महाराज हसले, ज्या म्हाताऱ्यांनी हात जोडले होते त्याही हसल्या. इंजिन बापडं जवसाच्या तेलावर बिनतक्रार चाललं होतं. आणि त्या हसण्यातच कुणीतरी सहज, काही मनात नसताना म्हणालं, "काहून भाऊ, तुमच्या नाकाले काय झालं आज?"

तेवढ्यात ताई आल्या. हाताला कणीक, कपाळावर घाम. भराभर म्हणाल्या, "मीच म्हणलं होतं टाका म्हणून. डिझेल कमी होतं, तं मीच..."

साडभाऊ उठून उभे राहिले. "राहू दे वं," ते म्हणाले. "सप्त्याच्या मांडवात खोटं कायले बोलतं माह्यापायी?" मग लोकांकडे वळून, रॉकेल संपल्याचं सांगत तशाच साध्या आवाजात म्हणाले, "कोरोनापासून मले वास येत नाही. कायचाच येत नाही. तुम्ही डबे आणून राह्यले, मी नुसता नाक लावून राह्यलो. ही सांगे, मी बोलो." आणि नरसाळं काखेत घेऊन ते घराकडे चालू लागले. त्या दिवशी महाप्रसादालाही ते आले नाहीत. मी ताट घेऊन गेलो, तर म्हणाले, "बुंदीचा वास नाही येत साडभाऊ. नुसतं गोड लागते."

गावानं त्यांना एका शब्दानं चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. लोक प्रेमानं वागू लागले आणि कॅना आणेनासे झाले. रामधन रोज येऊन बसे, पण जर्मनाचा विषय काढेना. साडभाऊ म्हणाले, बैलाचाच असन डबा, तर हा हो म्हणाला. वाद नाही म्हटल्यावर चहाही नीट होईना. मग एक दिवस ताईंचा माझ्या बायकोला फोन आला, की यांनी भंगारवाल्याला बोलावलंय, तुम्ही या.

आम्ही पोचलो तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा होता. आढ्यावरच्या कॅना खाली आल्या होत्या. साडभाऊ स्वतः एकेक उचलून देत होते आणि प्रत्येकीचं बूच घट्ट लावून देत होते. "बूच सांभाळा," भंगारवाल्याला सांगत होते, जणू तो त्या कॅना नांदवायलाच नेत होता. मी म्हटलं, "साडभाऊ, असं नका करू." ते म्हणाले, "साडभाऊ, आंधळ्यानं दिवे कायले विकावं? उद्या एखादी कॅन पाझरन, मी दिवा लावीन, अन् ही घरात असन. मले तेच दिसते झोपेत." म्हणजे ताईंचं भय त्यांनाही तितकंच होतं. दोघांनी एकमेकांपासून ते लपवून ठेवलं होतं. ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी ओसरीवर एकटा तो मेंदी रंगाचा लोखंडी डबा उरला.

आणि तेव्हाच चढावरून एक ट्रकवाला चालत आला. परमुलुखातला, हातात रिकामी बाटली. "भाऊसाब, डिझेल मिलेगा? सबने यहीं का बताया।"

"बंद कर दिया," साडभाऊ त्याच्याकडे न बघता म्हणाले.

ताई ओसरीवर गेल्या. पदर खोचला, लोखंडी डब्याचं झाकण अंगठ्यानं खट् करून उघडलं, डावा डोळा मिटला, मान वाऱ्याकडे वळवली. ती ऐट इतकी हुबेहूब होती की माझी बायको खुदकन हसली. "डिझेल हाये," ताई म्हणाल्या. "जुनं हाये, पण पाणी नाही." झाकण लावून त्यांनी डबा उचलून पाहिला. तो हलेना. मग त्यांनी मधली मूठ सोडली आणि बाजूची धरली.

"या मुठीचं काय सांगत होते तुम्ही साऱ्या जगाले?" त्या म्हणाल्या. "दोन माणसाईसाठी हाये म्हणे ना? रामटेकहून एकटीनं आणला मी मांडीवर. आता एकटीनं नाही उचलत माह्याच्यानं. धरा इकडून."

साडभाऊ उभेच राहिले. भंगारवाला उभा, ट्रकवाला उभा. मग साडभाऊ पुढे आले, वाकले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूची मूठ धरली. डबा उचलला गेला. सुरुवातीला दोघांचं पाऊल जमेना. साडभाऊंना एकट्यानं एका अंगाला कलून चालायची सवय. ताई म्हणाल्या, "सरळ चाला. भार माह्याकडंही हाये."

मी नरसाळं घेऊन मागे चाललो. रस्त्याला लागल्यावर साडभाऊ हळूच म्हणाले, "आणखी कायचा वास येते?"

"तिकडं कोणी पऱ्हाट्या जाळून राह्यलं. गुराईचा येते. तुमच्या शर्टाचा येते, धुवा लागते तो."

"अन्?"

"पाटलाच्या घरी फोडणी दिली आताच. मोहरी जळाली वाटते."

साडभाऊ म्हणाले, "पेट्रोल-डिझेलचं मले काही नाही वं. तुह्या फोडणीचा वास येत नाही, याचंच लय वाईट वाटते." ताईंनी हात बदलायच्या निमित्तानं डबा क्षणभर खाली ठेवला आणि डोळे पुसून परत उचलला.

ट्रकच्या टाकीत डिझेल गेलं. ट्रकवाल्यानं विचारलं, असली है ना? साडभाऊंनी ताईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि साडभाऊंची छाती पुष्कळ दिवसांनी पुढे आली. "एकदम असली," ते म्हणाले. "हमारे घर में नाक है अभी।" मग त्यांनी त्या माणसाला उन्हात उभं करून जर्मनापासून सुरुवात केली.

भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन गेला. डबे परत आढ्यावर चढले, दोऱ्यांसकट, पण आता दोरे साडभाऊ बांधतात आणि वास ताई सांगतात, उघडपणे, ओसरीवर बसून. भरलेले डबे मात्र आता घराबाहेर, वावरातल्या खोपटात असतात. ही ताईंची अट. रामधनचा बैलही परत जर्मनीला जाऊ लागला आहे. मी अजूनही यवतमाळहून निघताना 'पुढे भरू' म्हणतो आणि चढाशी आलो की वेग कमी करून पाहतो. कधीकधी ते दोघं दिसतात, मधे तो मेंदी रंगाचा डबा, एक मूठ यांच्या हातात, एक त्यांच्या. परवा दिसले तेव्हा डबा रिकामा होता. ट्रक चालू करून देऊन ते परत घरी निघाले होते, आणि तो रिकामा डबाही त्यांनी दोघांनी मिळूनच धरला होता.